अर्धे डांबर, अर्धी पांदण : सायकल निवडताना



या स्तंभातून आपण आजवर मुदत ठेवी, विमा, वारसनोंदी आणि घरखर्चाचे हिशेब पाहिले. या वेळचा विषय सायकलीचा आहे. निवृत्त बँक अधिकाऱ्याने सायकलीवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण तेरा हजार रुपयांची एक खरेदी करताना मला जे शिकावे लागले, ते मी लाखांच्या कर्जप्रकरणांतही इतक्या स्पष्टपणे शिकलो नव्हतो. शिवाय या प्रकरणात माझी एक चूक आहे आणि ती आधी मान्य केल्याशिवाय पुढचा सल्ला देण्याचा मला अधिकार नाही.

अकोल्यात माझ्या धाकट्या बंधूंचे किराणा मालाचे दुकान आहे. निवृत्तीनंतर आठवड्यातून तीन दिवस मी तेथे खतावणी पाहण्यास बसतो. दुकानात कामाला येणारा एक मुलगा आहे, वय वर्षे वीस. त्याचे गाव नऊ किलोमीटरवर. त्यातील पाच किलोमीटर डांबरी रस्ता, उरलेली चार किलोमीटर पांदण. पांदण म्हणजे काय, हे वऱ्हाडातील वाचकांना सांगायला नको. उन्हाळ्यात टाच अडकेल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात चप्पल ओढून घेणारा चिखल. दोन वर्षांपूर्वी मी त्याला माझी जुनी काळी सायकल दिली. बँकेत लागल्यावर घेतलेली, लोखंडी रिमची, रॉडच्या ब्रेकची. मी ती पुसून, तेल देऊन, हवा भरून दिली आणि आपण एक चांगले काम केले, या समाधानात राहिलो.

त्याच सुमारास अमरावतीला माझ्या लेकीच्या मुलाचा वाढदिवस होता. त्याच्यासाठी मी चौदा हजारांची सायकल घेतली. एकवीस गिअर, पुढे-मागे शॉकअप, जाड टायर, चकचकीत रंग. दुकानदाराने ती डोंगर चढणारी सायकल आहे, असे सांगितले. नातू ती घेऊन इमारतीच्या आवारात फिरतो आणि कधीमधी छत्री तलावापर्यंत जाऊन येतो.

गेल्या वर्षीच्या आषाढात, पावसाची झड लागलेली असताना, दुकानातला तो मुलगा सायंकाळी घरी निघाला. कॅरिअरवर घरच्यासाठी घेतलेले पंधरा किलो गहू होते. डांबरी रस्त्यावरच्या उतारावर समोर म्हैस आली. त्याने ब्रेक दाबला, सायकल थांबली नाही, तो रस्त्याच्या कडेच्या दगडांवर पडला. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते.

दुसऱ्या दिवशी मी त्याला पाहायला गेलो, तेव्हा तो मलाच समजावणीच्या सुरात म्हणाला, “काकाजी, मी ब्रेक दाबला होता जी, पन थे थांबलीच नाई.” जणू चूक त्याची होती आणि तो तिचा खुलासा देत होता. मी ती सायकल मिस्त्रीकडे नेली. त्याने चाक फिरवून पाहिले, ब्रेकचे रबर चिमटीत धरून पाहिले आणि म्हणाला, “साहेब, सायकल बिघडली नाई. लोखंडी रिम ओली झाली का साबनावानी होते. रबर धरतच नाई तिले. आन वरतून तुमचं रबरबी गोटा झालं आहे.”

निकेलची झिलई असलेल्या लोखंडी रिमवर पाणी पडले, की रबराची पकड फार कमी होते, ही गोष्ट सायकलीच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मला ठाऊक नव्हती, कारण मी ती सायकल कोरड्या रस्त्यावर चालवली होती आणि पाऊस आला की बसने जात असे. जी सोय मी स्वतःसाठी ठेवली होती, ती त्या मुलाला नव्हती. ज्याला गरज नव्हती त्याला मी चौदा हजारांची सायकल दिली आणि ज्याचा रोजचा संसार त्या दोन चाकांवर होता, त्याला उरलेली दिली. या जमाखर्चाला काय म्हणावे, ते वाचकांनी ठरवावे.

आपल्याकडे अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत ‘अतिभारारोपण’ सांगितले आहे. लहानपणी पाठशाळेत हा शब्द ऐकताना डोळ्यांसमोर बैलगाडी येई. पंधरा किलो गहू हा सायकलीला फार मोठा भार नव्हे. पण न थांबणाऱ्या सायकलीवर तोच अतिभार ठरतो, हे त्या दिवशी उमगले. हाताखालच्या माणसाला आपण कोणते साधन देतो, हाही या व्रताचाच भाग असावा, असे मला वाटते.

मुलाचे प्लास्टर निघाल्यावर दसऱ्याच्या सुमारास आम्ही त्याच्यासाठी सायकल घ्यायचे ठरवले. या वेळी मी दुकानात जाण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

बँकेत कर्जप्रकरण आले, की तारणाआधी प्रयोजन पाहायचे, हे मला माझ्या पहिल्या शाखाधिकाऱ्यांनी शिकवले. सायकलीचेही तसेच. ‘कोणती सायकल चांगली?’ या प्रश्नाला उत्तरच नाही. कोणत्या रस्त्यासाठी, किती ओझ्यासाठी आणि बिघडली तर दुरुस्त कोण करणार, या तीन प्रश्नांना उत्तरे आहेत.

पहिला प्रश्न रस्त्याचा. आपल्या वऱ्हाडात रस्त्यांची दोन टोके आहेत. अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधीचा सव्वीसाच्याही आतल्या किलोमीटरांचा विक्रम कतारचा होता. या रस्त्यावरून जाताना आपल्याला सार्थ अभिमान वाटतो. पण त्याच महामार्गावरून मूर्तिजापूर किंवा बोरगाव मंजूच्या बाजूला एखाद्या गावाकडे वळावे, की थोड्याच अंतरावर काळी माती लागते. शासनाच्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेतून काही पांदणी खडीच्या झाल्या. पुष्कळशा अजून मातीच्याच आहेत. पूर्णेच्या खोऱ्यातील ही खोल काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते आणि तडकते. ओली असताना ती चाकाला अशी चिकटते, की मडगार्ड आणि टायर यांच्यामधली फट भरून चाक फिरायचेच थांबते. दर्यापूर तालुक्यातील माझ्या पहिल्या नेमणुकीत वसुलीसाठी गावोगाव हिंडताना मी सायकल चालवण्यापेक्षा खांद्यावर वाहून नेली, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

तेव्हा आपल्याला हवी ती सायकल डांबरावर जड न पडणारी आणि पांदणीत न अडकणारी अशी, दोन्हींच्या मधली. शर्यतीच्या सायकलीचे अरुंद टायर डांबरावर सुरेख पळतात, पण मातीत सुरीसारखे रुततात. डोंगरी सायकलीचे मोठमोठ्या गुठळ्यांचे टायर मातीत धरतात, पण डांबरावर गुरगुरत चालतात आणि प्रत्येक किलोमीटरला पायांकडून कर वसूल करतात. मधला मार्ग म्हणजे साधारण ३५ ते ५० मिलिमीटर रुंदीचा, मधोमध जवळजवळ सपाट आणि दोन्ही कडांना नक्षी असलेला टायर. डांबरावर त्याचा मधला पट्टा टेकतो, मऊ मातीत कडाही जमिनीला लागतात.

टायरविषयी एक बारकावा व्यापारी वाचकांना आवडेल. ‘सव्वीस इंची’ म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरांत निदान दोन निरनिराळी मापे आहेत. डोंगरी पद्धतीच्या सायकलीची रिम ५५९ मिलिमीटरची असते, तर २६ गुणिले १⅜ अशा जुन्या पद्धतीच्या सायकलीची ५९० ची. एकाचे टायर दुसऱ्याला बसत नाही. आपली जुनी काळी ‘अठ्ठावीस इंची’ ६३५ ची, आणि हल्ली ‘सातशे सी’ म्हणतात ती ६२२ ची. टायरच्या कडेवर ‘५०-५५९’ अशी नोंद असते. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमचा. इंचांवर भरवसा न ठेवता हा दुसरा आकडा वहीत लिहून ठेवावा आणि त्या मापाचे टायर-ट्यूब आपल्या गावातल्या दुकानात मिळते का, ते सायकल घेण्यापूर्वी विचारावे. आम्ही अकोल्यात चौकशी केली, तेव्हा ५५९ चे टायर बहुतेक ठिकाणी होते, ६२२ चे रुंद टायर मागवून घ्यावे लागत होते. आमचा निम्मा निर्णय तेथेच झाला.

आता शॉकअपची गोष्ट. नातवाच्या सायकलीला दोन्हीकडे शॉकअप आहेत आणि त्यांनाच भुलून मी ती घेतली. स्वस्त सायकलीच्या शॉकअपमध्ये बहुधा नुसती स्प्रिंग असते. ती धक्का शोषत नाही, फक्त पुढे ढकलते. चढावर जोर लावला, की काही जोर सायकल वरखाली होण्यात जातो. वजन दोन-तीन किलोने वाढते, धूळ-चिखल शिरला की सांधे खडखडू लागतात आणि गावातल्या मिस्त्रीकडे त्यावर उपाय नसतो. चांगले शॉकअप असतात, नाही असे नाही, पण त्यांची किंमत आपल्या संपूर्ण सायकलीहून अधिक असते. खरे पाहता सायकलीचा पहिला शॉकअप म्हणजे टायरमधली हवा. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेची नळी बसवली, ती दगडी रस्त्यावरचे हादरे कमी व्हावेत म्हणूनच. रुंद टायर आणि बेताची हवा, एवढ्याने पांदणीतले निम्मे हादरे विरतात. टायरच्या कडेवर हवेच्या दाबाची किमान व कमाल मर्यादा छापलेली असते. डांबरावर जायचे तर वरच्या मर्यादेकडे, मातीत जायचे तर खालच्या मर्यादेकडे हवा ठेवावी. तेव्हा दहा-पंधरा हजारांच्या आत घ्यायची असेल, तर पुढचा चिमटा साधा, बिनशॉकअपचाच घ्यावा, असे मी आता निःशंकपणे सांगतो.

दुसरा मोह गिअरचा. ‘एकवीस गिअर’ हे शब्द ऐकताना आपण एकवीस वेगळ्या गती समजतो. पुढे २४, ३४ आणि ४२ दात्यांची तीन चक्रे आणि मागे १४ पासून २८ दात्यांपर्यंत सात, अशी नेहमीची मांडणी असते. आता गणित करा. पुढे ४२ व मागे २८ घेतले तर प्रमाण १.५०. पुढे २४ व मागे १६ घेतले तरी १.५०. पुढे ३४ व मागे २२ घेतले तर १.५५. एकच रक्कम तीन खात्यांत दाखवून ताळेबंद फुगवावा, तसा हा प्रकार आहे. शिवाय पुढची तीन चक्रे म्हणजे आणखी एक तार, आणखी एक यंत्र आणि चिखल अडकायला आणखी एक जागा.

आपल्या साध्या काळ्या सायकलीला पुढे ४४ व मागे १८ दाते असतात. पायडलच्या एका फेऱ्यात ती साधारण ५.४ मीटर जाते. सपाटीवर हे ठीक, पण मातीत आणि चढावर गुडघ्यांची परीक्षा. याउलट पुढे एकच ३८ दात्यांचे चक्र आणि मागे १४ ते २८ अशी सात, एवढी मांडणी केली, तर सर्वांत हलक्या गिअरमध्ये एका फेऱ्यात पावणेतीन मीटर आणि सर्वांत जड गिअरमध्ये साडेपाच मीटर अंतर कापले जाते. म्हणजे काळ्या सायकलीची सपाटीवरची चाल जवळजवळ तशीच राहते आणि मातीत पायांवरचा जोर निम्म्यावर येतो. अकोला, दर्यापूर, मूर्तिजापूर अशा सपाट मुलखात सात गिअर पुरेसे आहेत.

ज्यांना परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायचा आहे, त्यांची गोष्ट निराळी. तेथे हजार मीटरहून अधिक उंची गाठायची असते आणि पुढचे २४ दात्यांचे चक्र खरोखर कामाला येते. अमरावतीची काही तरुण मंडळी परतवाड्यामार्गे मुक्तागिरीला सायकलने जाऊन येतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या सिद्धक्षेत्रापर्यंतचा रस्ता बहुतांशी सपाट आहे. तेवढ्यासाठी एकवीस गिअरांचा हट्ट नको. मात्र चौविहार पाळणाऱ्यांनी परतीच्या वेळेचा हिशेब सकाळीच करून निघावे. सूर्य कोणत्याही गिअरमध्ये थांबत नाही.

ब्रेकविषयी मी सर्वांत अधिक विचारले आणि त्याचे कारण वाचकांना ठाऊक आहे. पर्याय दोन होते. अॅल्युमिनियमच्या रिमवर रबर दाबणारे ‘व्ही-ब्रेक’, किंवा चाकाच्या मध्याशी चकती असलेले डिस्क ब्रेक. चिखलात आणि पावसात डिस्क सरस, हे खरे. चकती चिखलापासून दूर असते आणि रिम वाकडी झाली तरी ब्रेक लागतो. पण कमी किमतीच्या डिस्कची चकती लहानशा आघातानेही वाकते, मग घासत राहते आणि ती सरळ करणारा माणूस गावात नसतो. व्ही-ब्रेकचे रबर कोठेही मिळते आणि ते मुलगा स्वतः बदलू शकतो. अॅल्युमिनियमच्या रिमवर ओल्या रबराचीही पकड बसते. सुरुवातीचा क्षणभर पाणी पुसण्यात जातो इतकेच.

तरीही सांगण्यावर विसंबून राहायचे नाही, असे मी ठरवले होते. मिस्त्रीच्या दुकानासमोरच्या उतारावर आम्ही माझी जुनी सायकल नवे रबर बसवून उभी केली आणि शेजारी अॅल्युमिनियम रिमची दुसरी. दोन्हींच्या चाकांवर बादलीभर पाणी ओतले आणि मिस्त्रीच्या मुलाने एकामागून एक दोन्ही चालवून दुकानाच्या ओट्यापाशी ब्रेक दाबला. दुसरी सायकल ओटा संपायच्या आत उभी राहिली. माझी सायकल ओटा ओलांडून, शेजारचे पानाचे दुकान ओलांडून विजेच्या खांबापाशी जाऊन थांबली. नवे रबर असूनही! मिस्त्री काही बोलला नाही. मीही बोललो नाही. रिम कोणत्या धातूची आहे, हे चुंबक लावले की कळते. लोखंडाला चिकटते, अॅल्युमिनियमला नाही. खरेदीला जाताना खिशात एक लहान चुंबक असू द्यावे.

उंचीचे माप हा बहुतेकांच्या दुर्लक्षाचा विषय. ‘मुलगा वाढेल’ म्हणून आपण मोठी सायकल घेतो आणि तो दोन वर्षे लटकत चालवतो. सायकलीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभे राहिल्यावर मधला दांडा आणि शरीर यांत निदान दोन-तीन बोटे अंतर हवे. मातीच्या रस्त्यासाठी चार बोटे. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली असता गुडघा सरळ व्हावा, एवढी सीटची उंची असावी. साडी नेसणाऱ्या भगिनींनी आणि माझ्या वयाच्या मंडळींनी मधला दांडा खाली वाकलेली सायकल घ्यावी. पाय उंच टाकून उतरण्याच्या प्रयत्नात पडणारे माझ्या परिचयात तिघे आहेत. सीट चामड्याची नाही ना, हेही आपल्या घरांत विचारले जाते. आता बहुतेक सीट कृत्रिम कातडीच्या असतात, तरी विचारून घ्यावे.

राहिली ती किंमत. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. आम्ही घेतलेल्या सायकलीची मूळ किंमत १०,५०० रुपये. पूर्वी तिच्यावर १,२६० रुपये कर लागला असता, आता ५२५ लागला. वाचलेल्या ७३५ रुपयांत पंप आणि कुलूप आले. बिल घेताना नवा दर लावला आहे ना, ते पाहावे. कॅरिअर, रुंद फटीचे मडगार्ड, मागचा लाल दिवा आणि घंटी धरून एकूण खर्च १३,००० रुपये झाला.

हा आकडा ऐकून बंधू म्हणाले, “दादा, साध्या काळ्या सायकलीत निम्म्यात भागलं असतं. आणि एवढी घ्यायचीच, तर त्याच्या पगारातून महिना पाचशे कापू.”

बंधूंचे म्हणणे व्यवहाराला सोडून नव्हते. मी कागद पुढे केला. पाच वर्षांनी हजार रुपये मोड धरली, तर १२,००० रुपये पाच वर्षांत जातात. वर्षाला कामाचे तीनशे दिवस धरले, तर रोजचे आठ रुपये. टायर, ट्यूब, रबर, तेलपाणी वर्षाला दीड हजार, म्हणजे रोजचे पाच. एकूण तेरा रुपये. तेच अठरा किलोमीटर स्कूटरने केले, तर नुसत्या पेट्रोलचे चाळीसहून अधिक रुपये. आणि तो मुलगा सहा आठवडे दुकानात नव्हता, तेव्हा बदली माणसाला काय दिले, ते त्याच खतावणीत होते. ती रक्कम मी कागदावर लिहिली नव्हती. बंधूंनी स्वतःच पान उलटून पाहिली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “टेम्पोचा हप्ता आपण हमालाच्या मजुरीतून कापतो का? दुकानाच्या खर्चात टाका. आणि सायकल त्याच्या नावानं घ्या, दुकानाच्या नाही.” हे शेवटचे वाक्य मला सुचले नव्हते.

खरेदीच्या दिवशी मुलाला बरोबर नेले. आमची सगळी गणिते झाल्यावर मी त्याला विचारले, तुला काय हवे? तो लाजत म्हणाला, “कॅरिअर मजबूत पायजे जी. बहिनीले शायेत सोडा लागते.” दोघे बहीणभाऊ रोज पांदणीतून एकाच सायकलीवर येत होते आणि ती डांबरी रस्त्याला लागून शाळेकडे चालत जात होती, हे दोन वर्षांत मी कधी विचारलेच नव्हते. म्हणजे त्या न थांबणाऱ्या सायकलीवर रोज दोन जीव होते. कॅरिअरवर भाराची मर्यादा कोरलेली असते, बहुधा २५ किलो. माणूस बसवण्यासाठी ती नसते. बहीण नववीत आहे. मानव विकास कार्यक्रमांतर्गत काही तालुक्यांत शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली मिळतात, पण त्यांचा तालुका त्या यादीत नाही. तूर्त आम्ही तिच्यासाठी वेगळ्या सायकलीचा विचार करत आहोत, आणि तो या वेळी माझ्या नातवाच्या आजोबांच्या खात्यातून व्हायचा आहे.

खरेदीला निघणाऱ्यांसाठी थोडक्यात एवढेच. दुकानात दोन्ही चाके उचलून फिरवावीत आणि रिम एकीकडे झुलते का पाहावे. झुलत असेल तर तेथेच ‘आउट’ काढून घ्यावा. टायर आणि मडगार्ड यांत बोट सहज फिरेल एवढी फट असावी. काळ्या मातीसाठी पावसाळ्यात पुढचे मडगार्ड काढून ठेवले तरी चालते. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा घ्यावा, म्हणजे कोणत्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. बाभळीच्या काट्यांवर रामबाण उपाय नाही. एक जादा ट्यूब, दोन पट्ट्या आणि लहान पंप सोबत असावा. पहिल्या महिन्यात तारा सैलावतात आणि ताड्या बसतात, म्हणून महिन्याने एकदा मिस्त्रीला दाखवावी. ब्रेकचे रबर दर पावसाळ्यापूर्वी बदलावे. त्याला पेल्याभर चहापेक्षा फारसे जास्त लागत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत नातू अकोल्याला आला होता. त्याने दोन्ही प्रकारच्या सायकली चालवून पाहिल्या. साधी सायकल चढावर हलकी जाते, हे त्याने मान्य केले, पण त्याला अजूनही आपलीच आवडते. मी वाद घातला नाही. आवड हाही वस्तूचा एक उपयोगच आहे. फक्त आवडीसाठी किती आणि गरजेसाठी किती, हे दोन रकाने एका पानावर समोरासमोर लिहावेत. मी ते दोन वर्षे उशिरा लिहिले.

माझी जुनी काळी सायकल मिस्त्रीच्या दुकानात पडून आहे. भंगारवाला तिचे सहाशे रुपये देतो. ती कोणाला ‘द्यावी’, असे घरातल्या दोघा-तिघांनी सुचवले. मी तिच्या दोन्ही रिम काढून घेण्यास सांगितले आहे. अॅल्युमिनियमच्या रिम आणि नवे ब्रेक बसवून मिळाले तर देईन, नाही तर भंगारात जाईल.